शोधयंत्र आणि उत्तरयंत्र

मोठ्या ग्रंथालयांत दोन प्रकारचे सेवक असूं शकतात. पहिल्यास आपण विचारलें, "पावसाविषयीं पुस्तक कोठें मिळेल?" तर तो कपाटाकडे बोट दाखवितो व म्हणतो, "त्या रांगेंत दहा पुस्तकें आहेत. त्यांतलीं पहिलीं तीन बरीं आहेत." पुस्तक उघडून वाचण्याचें काम आपलें. दुसरा सेवक असा कीं, तो आपणांस कपाटापर्यंत जाऊंच देत नाहीं. तो स्वतः चारपांच पुस्तकें चाळतो, त्यांतील उतारे जुळवितो आणि आपल्या शब्दांत उत्तर सांगून मोकळा होतो. इंटरनेटवर गेलीं पंचवीस वर्षें पहिल्या सेवकाचें राज्य होतें. अलीकडच्या थोड्या वर्षांत दुसराहि दारांत येऊन उभा राहिला आहे. पहिल्यास शोधयंत्र म्हणतात. दुसऱ्यास आपण या लेखापुरतें उत्तरयंत्र म्हणूं.

ज्यांनीं आपलीं पानें इंटरनेटवर मांडलीं आहेत, त्यांस पहिल्या सेवकाच्या नजरेंत भरण्याची कला साधली होती. दुसऱ्याच्या नजरेंत भरावयाचें तर तीच कला पुरेल काय, कीं नवी शिकावी लागेल, हा आमचा आजचा विषय होय. विषय व्यापाऱ्यांचा आहे, शाळेच्या वार्षिकांत त्याचें काय काम, असें एखादे पालक म्हणतील. परंतु मुलास कोणत्या शाळेंत घालावें, शिष्यवृत्तीचा अर्ज केव्हां द्यावा, तापांत मुलाला काय खावयास द्यावें, हें हल्लीं पुष्कळ पालक या दुसऱ्या सेवकासच विचारीत असतात. त्याचें उत्तर ज्या पानांवरून तयार होतें तीं पानें कोणी तरी लिहिलेलीं असतात. आणि तीं कशीं लिहिलीं आहेत यावर उत्तराचा खरेखोटेपणा बराचसा अवलंबून असतो.

प्रथम जुन्या कलेचा इतिहास थोडक्यांत पाहूं. १९९० सालीं कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठांत ॲलन एम्टेज या विद्यार्थ्यानें 'आर्ची' नांवाचें साधन तयार केलें. तें केवळ फाइलींचीं नांवें शोधीत असे. आंत काय लिहिलें आहे हें त्यास कळत नसे. पुढील वर्षीं टिम बर्नर्स-ली यांचें वर्ल्ड वाइड वेब जगास खुलें झालें, आणि पानांची संख्या भराभर वाढूं लागली. मग शोधयंत्रें निघालीं. एक लहानसा प्रोग्राम दुव्यावरून दुव्यावर जात पानें गोळा करीत हिंडतो; त्यास क्रॉलर म्हणतात. गोळा केलेल्या पानांतील शब्दांची सूचि केली जाते, पुस्तकाच्या शेवटीं असते तशीच. आणि कोणी प्रश्न विचारला म्हणजे सूचींतून पानें काढून त्यांचा क्रम लावला जातो. सारें भांडण या क्रमाचें. कारण निकालांच्या दुसऱ्या पानापर्यंत जाण्याचा धीर फार थोड्यांस असतो.

१९९८ मध्यें स्टॅनफर्ड विद्यापीठांतील लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन विद्यार्थ्यांनीं क्रम लावण्याची एक मार्मिक रीत प्रसिद्ध केली. एखाद्या पानाकडे किती इतर पानें दुवा देतात, आणि तीं दुवा देणारीं पानें स्वतः किती प्रतिष्ठित आहेत, यावरून त्या पानाचें वजन ठरवावयाचें. ज्या ग्रंथाचा आधार विद्वान् लोक वारंवार घेतात तो ग्रंथ मोठा, हाच तो न्याय. याच विचारावर गूगल उभें राहिलें.

क्रम आला म्हणजे वर चढण्याची खटपट आलीच. या खटपटीस तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'एसईओ' म्हणतात. तिच्यांतील अर्धा भाग शहाणपणाचा आहे. पानाला नेमकें शीर्षक द्यावें, लोक ज्या शब्दांनीं शोधतात ते शब्द पानांत असावेत, पान लौकर उघडावें, मोबाइलवर नीट दिसावें; यांत वावगें काय आहे? उरलेला अर्धा लबाडीचा. एकच शब्द पानांत पन्नास वेळां घुसडावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्याच अक्षरांत शब्द लिहावे, म्हणजे ते माणसास दिसूं नयेत पण यंत्रास दिसावेत. पैसे देऊन दुवे विकत घ्यावे. गूगलनें २०११ मध्यें 'पांडा' नांवाचा बदल करून पोकळ मजकुराच्या पानांस, आणि २०१२ मध्यें 'पेंग्विन' नांवाचा बदल करून असल्या घुसडलेल्या शब्दांच्या व विकतच्या दुव्यांच्या पानांस खालीं ढकललें. (पशुपक्ष्यांचीं नांवें मोठीं गोंडस, परंतु ज्यांचा धंदा एका रात्रींत बसला त्यांस तीं तशीं वाटलीं नसावींत.)

आतां दुसऱ्या सेवकाकडे वळूं. ३० नोव्हेंबर २०२२ रोजीं 'चॅटजीपीटी' लोकांपुढें आलें, आणि यंत्राशीं माणसासारखें बोलण्याची संवय जगास लागली. अशा साधनाच्या पोटांत एक भाषा-प्रतिमान असतें. अफाट मजकूर वाचवून, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येणें संभवनीय आहे, हें त्यास शिकविलेलें असतें. ही शिकवणी एका ठराविक तारखेस संपते. त्यानंतर जगांत काय घडलें हें त्यास आपोआप कळत नाहीं. म्हणून ताज्या प्रश्नासाठीं त्यास बाहेरून कागद आणून द्यावे लागतात. प्रश्न आला कीं साधन आधीं शोधयंत्राकडून कांहीं पानें मागवितें, त्या पानांचे लहान लहान तुकडे करितें, प्रश्नाच्या अर्थाशीं जवळचे असतील तेवढे तुकडे निवडतें, आणि ते प्रतिमानापुढें ठेवून म्हणतें, 'यांवरून उत्तर लिही.' सर्व साधनांची रीत तपशिलांत सारखी नसते, परंतु साधारण व्यवहार हा असा आहे. गूगलनेंहि आपल्या निकालांच्या माथ्यावर अशीं आयतीं उत्तरें मे २०२४ मध्यें अमेरिकेंत व त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें भारतांत देण्यास आरंभ केला.

'अर्थाशीं जवळचे' असें आम्ही म्हटलें, त्याचा खुलासा करणें जरूर आहे. जुन्या यंत्रांचा भर अक्षरें जुळविण्यावर होता. नवीं यंत्रें प्रत्येक तुकड्याचें आंकड्यांच्या एका लांबलचक ओळींत रूपांतर करितात. ज्यांचा अर्थ सारखा त्यांचे आंकडे एकमेकांच्या जवळ पडतात. त्यामुळें 'फी किती?' असें विचारणाऱ्यास 'शुल्क' हा शब्द असलेला तुकडाहि सांपडतो. एकच शब्द घोळून घोळून लिहिण्याचें कारण मग उरत नाहीं.

यावरून मोठा फरक लक्षांत येईल. पूर्वीं स्पर्धा पानापानांची होती, आतां ती परिच्छेदांची झाली आहे. तुकडा आपल्या सोबत्यांपासून तोडला जातो आणि एकटाच परक्या दरबारांत उभा राहतो. तेथें 'वर सांगितल्याप्रमाणें' असें म्हणून त्याचें भागत नाहीं. कारण वरचें त्याच्याबरोबर आलेलेंच नसतें.

उदाहरण शाळेचेंच घेऊं. समजा, एका शाळेच्या संकेतस्थळावर प्रवेशाची सूचना लावावयाची आहे. पुष्कळ ठिकाणीं काय होतें, तर मुख्याध्यापकांच्या सहीचें व शिक्का मारलेलें सूचनापत्र मोबाइलनें टिपून तें चित्रच पानावर चिकटविलें जातें. माणूस तें वाचतो. क्रॉलरच्या लेखीं मात्र तें सहलीच्या छायाचित्राहून निराळें नसतें. कांहीं साधनें चित्रांतील अक्षरें ओळखतात हें खरें. परंतु वाकडा धरलेला कागद, शिक्क्याखालीं गेलेली तारीख आणि आपलीं जोडाक्षरें, एवढ्या अडचणींतून गेल्यावर काय हातीं लागेल याचा भरंवसा नाहीं. बरें, सूचना टंकून घातली असें मानलें, तरी तिची भाषा पाहा: 'वरील इयत्तेकरितां अर्ज दि. १० पर्यंत स्वीकारले जातील. तदनंतर आलेल्या अर्जांचा विचार केला जाणार नाहीं, याची नोंद घ्यावी.' कोणती इयत्ता? कोणत्या महिन्याची दहा तारीख? कोणतें साल? कोणती शाळा? फळ्यावर ही सूचना पुरेशी आहे. कारण फळा त्याच शाळेचा असतो, आणि तो वाचणारा त्याच महिन्यांत त्याच्यापुढें उभा असतो. तोडलेल्या तुकड्यास ना फळा असतो, ना महिना. साधन मग दुसऱ्या कोठल्या तरी पानावरून, कदाचित् गेल्या वर्षीच्या सूचनेवरून, तारीख उचलील आणि ती अशा ठामपणानें सांगेल कीं, शाळेंत फोन करून खात्री करून घ्यावी असें पालकांच्या मनांतहि येणार नाहीं. एका मुलाचें एक वर्ष एवढ्यावरून जाऊं शकतें.

हीच सूचना अशी लिहून पाहावी: 'अमुक हायस्कूल, अमुक गांव, येथें जून २०२६ पासून सुरू होणाऱ्या वर्षाकरितां इयत्ता पांचवीच्या प्रवेशाचे अर्ज शुक्रवार, १० एप्रिल २०२६ पर्यंत शाळेच्या कार्यालयांत सकाळीं ९ ते दुपारीं १ या वेळेंत घेतले जातील. ही सूचना २ मार्च २०२६ रोजीं लिहिली.' शाळा, गांव, इयत्ता, साल व वेळ हीं सर्व एकाच ठिकाणीं आलीं. मराठीच्या अध्यापकांस हें वाक्य बोजड वाटेल, आणि त्यांची तक्रार अगदींच खोटी नाहीं. एकदां नांव सांगितल्यावर पुढें 'तो', 'ती', 'तें' म्हणावें, असें आपण शिकत आलों. परंतु सर्वनाम म्हणजे मागच्या वाक्यावर काढलेली हुंडी. मागचें वाक्य हरवलें कीं ती वटत नाहीं. कथेंत आणि पत्रांत सर्वनामें खुशाल वापरावींत. सूचना, पत्ता, औषधाचें प्रमाण, परीक्षेचें वेळापत्रक, अशा मजकुरांत मात्र नांव पुन्हां लिहिण्याचा कंटाळा करूं नये.

आणखी दोन गोष्टी याच उदाहरणांत सांगून टाकूं. गेल्या वर्षीची सूचना काढून तरी टाकावी, नाहीं तर तिच्या माथ्यावर 'ही सूचना २०२५ ची असून मुदत संपली आहे' असें स्पष्ट लिहावें. दुसरें असें कीं, कांहीं संकेतस्थळांवरील मजकूर पानाबरोबर येत नाहीं. पान उघडल्यावर ब्राउझरमध्यें एक प्रोग्राम चालतो आणि तो मजकूर मागाहून आणून मांडतो. गूगलचा क्रॉलर असले प्रोग्राम चालवून पाहतो, परंतु उत्तरयंत्रांचे पुष्कळ क्रॉलर ते चालवीत नाहींत. डोळ्यांना भरलेलें दिसणारें पान त्यांस कोऱ्या पाटीसारखें दिसतें. संकेतस्थळ करून देणाऱ्या गृहस्थास एवढी गोष्ट अवश्य विचारावी.

या नव्या कलेस 'जीईओ' असें नांव पडलें आहे. प्रिन्स्टन विद्यापीठ, दिल्लीची आयआयटी व इतर ठिकाणच्या संशोधकांनीं नोव्हेंबर २०२३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत तें आलें. त्यांनीं दहा हजार प्रश्नांचा संच तयार केला, पानांचा मजकूर निरनिराळ्या रीतींनीं बदलून पाहिला, आणि तयार होणाऱ्या उत्तरांत त्या पानाचा वांटा किती वाढतो हें मोजलें. आधार दाखविणें, जाणत्यांचें वचन उद्धृत करणें आणि मोघम विधानाऐवजीं आंकडा देणें, या रीती विशेष उपयोगी ठरल्या. वांटा चाळीस टक्क्यांपर्यंत वाढूं शकतो असें त्यांस दिसून आलें. शब्द घुसडण्याची जुनी युक्ति येथें कामास आली नाहीं. शोधयादींत ज्यांचा क्रम खालचा होता अशा पानांस आधार जोडल्याचा लाभ विशेष झाला, हें वाचून आम्हांस समाधान वाटलें. कारण लहान माणसाच्या पानास यांत थोडी आशा आहे.

निबंध तपासतांना शिक्षक हेंच सांगत असतात: 'पुष्कळ' म्हणूं नका, किती तें सांगा, 'असें म्हणतात' लिहूं नका, कोण म्हणतें तें लिहा. तेव्हां वरवर पाहतां नवी कला म्हणजे जुना सदाचारच झाला. परंतु त्यांतच एक धोका दडलेला आहे. यंत्रास आंकडा आवडतो, पण तो आंकडा खरा कीं रचलेला, हें त्यास ओळखतां येईलच असें नाहीं. मे २०२४ मध्यें, गूगलचीं आयतीं उत्तरें सुरू होऊन थोडेच दिवस झाले असतां, पिझ्झ्यावरचें चीज घसरूं नये म्हणून सॉसमध्यें थोडा बिनविषारी गोंद मिसळावा, असा सल्ला त्यांतून कोणास मिळाला. मूळ शोधतां 'रेडिट' या संस्थळावर कोणी अकरा वर्षांपूर्वीं केलेली थट्टा निघाली. रोज एक लहानसा दगड खावा, हा दुसरा सल्ला 'द ओनियन' या विनोदी पत्रांतला होता. गूगलनें नंतर दुरुस्त्या केल्या. तथापि थट्टेचा स्वर तोडलेल्या तुकड्याबरोबर जात नाहीं, हें यावरून ध्यानांत यावें.

आणि लबाडी? तीहि मागून आलीच. २०२५ मध्यें 'निक्केई' या जपानी पत्रानें उघडकीस आणलें कीं, सतरा शोधनिबंधांत पांढऱ्या किंवा अति सूक्ष्म अक्षरांत एक आज्ञा लपविलेली होती. तिचा आशय असा कीं, या निबंधाविषयीं केवळ चांगलें तेंच बोलावें. परीक्षकानें निबंध स्वतः न वाचतां यंत्राकडून वाचून घेतला तर यंत्रानें ती आज्ञा पाळावी, हा हेतु. संकेतस्थळवाल्यांची ती जुनी पांढरी शाई अशी नव्या कामास लागली. आणि या वेळीं ती वापरणारे विद्वान् होते.

नवें शास्त्र निघालें कीं त्याचे वैदूहि निघतात. 'आमची ही फाइल लावा, म्हणजे यंत्र तुमचेंच नांव घेईल,' असें सांगून पैसे मागणारे आज पुष्कळ भेटतील. 'एलएलएम्स डॉट टीएक्सटी' नांवाची एक फाइल संकेतस्थळावर ठेवावी, अशी सूचना जेरेमी हॉवर्ड यांनीं सप्टेंबर २०२४ मध्यें केली. त्यांचा हेतु प्रामाणिक होता, परंतु तिचें गंडादोरा म्हणून विकणारे निराळे. गूगलनें २०२५ मध्यें आपल्या मार्गदर्शनांत स्पष्ट लिहिलें कीं, आपल्या आयत्या उत्तरांत येण्यास वेगळ्या फाइलीची किंवा खास खुणांची गरज नाहीं. 'हा पत्ता', 'ही तारीख', 'हें लेखकाचें नांव' अशा चिठ्ठ्या मजकुरास लावण्याची 'स्कीमा' नांवाची सामाइक पद्धति मात्र २०११ पासून आहे; ती लावली तर नुकसान नाहीं.

आपलें पान यंत्रास द्यावयाचेंच नसेल तर? १९९४ मध्यें मार्टिन कोस्टर यांनीं 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही पाटी सुचविली. 'अमुक क्रॉलरनें येथें येऊं नये' असें तिच्यावर लिहितां येतें. ती पाटी आहे, कुलूप नव्हे. सभ्य पाहुणा ती पाहून मागें फिरतो, दुसरा फिरत नाहीं. चॅटजीपीटीच्या कंपनीनें ऑगस्ट २०२३ मध्यें आपल्या क्रॉलरचें नांव जाहीर केलें, आणि पुढील महिन्यांत गूगलनेंहि प्रतिमानाच्या शिकवणीसाठीं आपला मजकूर देऊं न इच्छिणाऱ्यांकरितां वेगळी खूण दिली. पण त्यांत एक पेंच आहे. गूगलची ती खूण लावली तरी निकालांच्या माथ्यावरील आयत्या उत्तरांतून पान वगळलें जात नाहीं. कारण तीं उत्तरें नेहमींच्या शोधाचाच भाग मानलेलीं आहेत.

हा पेंच कोणास कां टोंचतो, हें एका पाहणीवरून कळेल. अमेरिकेंतील 'प्यू' संशोधन केंद्रानें मार्च २०२५ मधील ९०० प्रौढांचा इंटरनेटवरील वावर तपासला. जेथें माथ्यावर आयतें उत्तर होतें तेथें शंभरांपैकीं ८ वेळां लोकांनीं नेहमींच्या निकालांतील दुवा उघडला. जेथें नव्हतें तेथें १५ वेळां. उत्तरांतच दिलेल्या आधाराच्या दुव्यावर बोट ठेवण्याचें प्रमाण शंभरीं १ निघालें. शाळेचें यांत कांहीं बिघडत नाहीं. पान उघडलें नाहीं तरी चालेल, तारीख बरोबर पोंचली म्हणजे झालें. पण ज्या वर्तमानपत्राचा वार्ताहर पुराच्या पाण्यांत उभा राहून बातमी आणतो, किंवा जी गृहिणी एकेक पदार्थ दहा वेळां करून मग त्याची कृति लिहिते, त्यांची शिदोरी वाचकाच्या येण्यावर असते. यंत्र त्यांचें सार काढून घेतें आणि वाचकास वाटेंतूनच परत पाठवितें. अशांनीं लिहिणें सोडलें तर यंत्रास वाचावयास काय उरेल, याचें उत्तर यंत्र विकणाऱ्यांनीं अजून समाधानकारक दिलेलें नाहीं, असें आमचें मत आहे. या लेखकांस चांगलें लिहिण्याचा उपदेश करणें सोपें. त्यांचा मोबदला कोणी द्यावयाचा हा खरा प्रश्न आहे, आणि तो लेखनकलेनें सुटणारा नव्हे.

मराठीची गोष्ट याहून थोडी निराळी आहे. इंग्रजींत एका विषयावर हजार पानें असतात. एक चुकलें तर दुसरें सांवरून घेतें. मराठींत एखाद्या गांवच्या जत्रेवर किंवा विहिरीवर एकच पान असण्याचा संभव फार, आणि यंत्र तेंच पान प्रमाण मानून त्याची चूकहि जगास सांगत सुटतें. त्यांतून आपला बराच जुना मजकूर यंत्रास वाचतांच येत नाहीं. युनिकोड रूढ होण्यापूर्वीं जे मराठी फॉन्ट वापरांत होते त्यांत पडद्यावर अक्षर देवनागरी दिसे, परंतु मागें खूण रोमन अक्षराची असे. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रास तेथें नुसता रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. छापील अंकांचीं स्कॅन केलेलीं पानें तर चित्रेंच.

शाळांच्या जुन्या वार्षिकांची हीच दशा आहे. त्यांत गांवच्या पुराचे, साथीचे, पहिल्या एस.टी.चे, नाटकांचे वृत्तांत मुलांनींच लिहून ठेवलेले असतात, आणि ते दुसरीकडे कोठेंहि नसतात. आठवी-नववीच्या वर्गानें आठवड्यास दोन लेख युनिकोडमध्यें टंकून घेण्याचें मनावर घेतलें, तर एका वर्षांत एक जाडसा अंक सहज पुरा होईल. टंकतांना प्रत्येक लेखाच्या माथ्यावर शाळेचें व गांवाचें नांव, अंकाचें साल आणि पृष्ठांक घालावा. एका लेखास एक पान द्यावें. सगळा अंक एकाच फाइलींत कोंबूं नये, म्हणजे एका वर्षाचा पूर आणि दुसऱ्या वर्षाचे क्रीडासामने एकाच तुकड्यांत मिसळणार नाहींत.